साबणाच्या वड्यांवर येणारे नारिंगी ठिपके आणि खवट वास: तपासायला कुठून सुरुवात करायची

दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी विकायचा साबण जुलै-ऑगस्टमध्येच करून ठेवावा लागतो. कोल्ड प्रोसेसची, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा न शिजवता मिसळून केलेली, वडी वाळून कडक व्हायला चार ते सहा आठवडे घेते, मग वेष्टनं, लेबलं, प्रदर्शनं. म्हणजे वर्षातला सगळ्यात जास्त माल आपण सगळ्यात दमट हवेत वाळवतो. आणि गणपती उठले की फोन सुरू होतात: "वड्यांवर गंजासारखे ठिपके आलेत, वासही बदललाय. काय करू?"

चिपळूणच्या पावसात मी बरीच वर्षं साबण करते, शिकवते. स्वतःच्या आणि शिकायला येणाऱ्यांच्या मिळून अशा वड्या मी इतक्या तपासल्या आहेत, की आता तपासणीचा एक ठरलेला क्रम झाला आहे. आधी फुकटच्या गोष्टी, मग थोड्या खर्चाच्या, शेवटी प्रयोगशाळा. क्रम सोडू नका. थेट महागडी पावडर मागवणारे बरेच जण शेवटी जुन्या तेलाच्या कॅनपाशीच येऊन थांबतात.

लक्षणं

- वडीवर पिवळट-नारिंगी ते तपकिरी ठिपके. सुरुवातीला मोहरीएवढे, मग पसरत जातात. मधोमध रंग गडद, कडेला फिकट.
- ठिपक्यावर बोट फिरवलं तर तेलकट किंवा किंचित चिकट लागतं. कधी त्यातून मधाच्या रंगाचा बारीक थेंब बाहेर येतो.
- वास: जुन्या शेंगदाण्याचा, खवट खोबऱ्याचा, मेणाच्या खडूंचा. सुगंध घातलेल्या साबणात हा वास आधी सुगंधाच्या मागे लपतो. वडी मोडून आतल्या बाजूला नाक लावलं की कळतं.
- वडी कापल्यावर ठिपका आतही उतरलेला दिसतो.
- ठिपके साबण केल्यावर लगेच येत नाहीत. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावरही येतात.

यातली पहिली तीन लक्षणं एकत्र असतील तर पुढे वाचा. नसतील तर अडचण वेगळी आहे, आणि खालचे उपाय करून वेळ जाईल.

हे नव्हे, ते

वडीच्या वरच्या बाजूला पांढरी भुकटी, ओल्या बोटाने पुसली जाणारी: तो सोडा ॲश. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी कॉस्टिकची क्रिया होऊन तयार होतो. दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी.

वडीवर दवासारखे स्वच्छ, रंगहीन थेंब: साबणातलं ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतंय. पावसाळ्यात हे होणारच. पण ते थेंब आठवडेच्या आठवडे राहिले, तर नारिंगी ठिपक्यांना ती जागा सोयीची होते.

सगळी वडी एकसारखी तपकिरी होत गेली आणि सुगंध व्हॅनिलाचा असेल, तर ते व्हॅनिलिनचं काम. गुलाबपाकळ्या किंवा सुक्या पानांच्या भोवती चहाच्या डागासारखं वलय असेल, तर तो त्या पाकळीचाच रंग.

आणि एक महत्त्वाचं. पांढरा, चकचकीत किंवा ओलसर खिसा दिसला आणि तिथे पीएच पट्टी (आम्ल-अल्कली दाखवणारा कागद) गडद निळी-जांभळी झाली, तर तो न मिसळलेला कॉस्टिक असू शकतो. ती वडी वापरायची नाही, द्यायची नाही. हातमोजे घालून बाजूला काढायची.

होतं काय

तेलातली काही मेदाम्लं असंतृप्त असतात. त्यांतही लिनोलेइक आणि लिनोलेनिक ही दोन हवेतल्या ऑक्सिजनशी पटकन क्रिया करतात. त्यातून जे तयार होतं ते पिवळं, चिकट आणि खवट वासाचं असतं. लोह किंवा तांब्याचा अगदी सूक्ष्म अंश ही क्रिया वेगाने पुढे ढकलतो. उष्णता, उजेड आणि ओल तिला साथ देतात. वडीत मोकळं, साबण न झालेलं तेल जितकं जास्त, तितकं सुरुवात व्हायला सोपं.

म्हणून ठिपका जरी वडीवर दिसला तरी शोधायचं असतं ते चार ठिकाणी: तेल, कॉस्टिक, धातू आणि वाळवायची जागा. बहुतेक वेळा यांतल्या दोन गोष्टी एकदम बिघडलेल्या असतात, आणि म्हणूनच एक दुरुस्त करूनही ठिपके येत राहतात. लोक वैतागतात ते इथे.

१. तेलाचा वास घ्या

एका पैशाचा खर्च नाही. साबणाच्या घाण्यात, म्हणजे एका वेळी केलेल्या मिश्रणात, वापरलेलं प्रत्येक तेल, जे उरलंय ते, वेगवेगळं घ्या. चमचाभर तेल तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळा आणि ऊब आल्यावर वास घ्या. थंड तेलात न जाणवणारा खवटपणा कोमट तेलात कळतो. शंका आली तर घरातल्या दुसऱ्या माणसाला हुंगायला द्या, कारण रोज तेलात वावरणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावतं.

मग कॅनवरची तारीख बघा, आणि त्याहून महत्त्वाचं, कॅन कधी उघडला ते आठवा. अर्धा रिकामा कॅन म्हणजे अर्धा कॅन हवा. आजपासून प्रत्येक कॅनवर उघडल्याची तारीख मार्करने लिहायची सवय लावा.

सुट्या तेलाबद्दल माझं स्पष्ट मत आहे. लाकडी घाण्याचं तेल समोर काढून मिळत असेल तर उत्तम. पण दुकानातल्या पिंपातून तोटीने मिळणारं तेल साबणाला घेऊ नका. त्यात तळाला किती जुनं तेल साचलंय हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. तळणाचं उरलेलं तेल भांडी घासायच्या साबणाला चालेल, विकायच्या अंगाच्या साबणाला कधीच नाही.

तेल खवट निघालं तर कारण सापडलं असं समजून थांबू नका. ते तेल बाजूला काढा आणि पुढच्या दोन तपासण्या तरी कराच.

२. ठिपके कुठे आलेत ते बघा

वडीवरच्या ठिपक्यांची मांडणी बरंच सांगते, आणि ती बघायला दहा मिनिटं पुरतात.

ठिपके फक्त खालच्या बाजूला, ओळीत किंवा जाळीच्या चौकोनांत असतील तर रॅक तपासा. लोखंडी जाळीवरचं प्लॅस्टिकचं आवरण कुठेतरी सोललेलं असतं, आतला गंज ओल्या वडीला लागतो. वर्तमानपत्रावर वड्या ठेवल्या असतील तर तेही बंद करा. साधा कोरा कागद, बटर पेपर, बांबूची चटई किंवा चांगल्या स्टीलची जाळी वापरा.

ठिपके बोटांच्या पेराएवढे आणि कडांवर असतील, तर कापताना उघड्या हातांनी धरलेल्या जागा त्या. हातमोजे घाला. एकाच रांगेतल्या, खिडकीकडच्या वड्यांवर असतील तर ऊन आणि पावसाची ओल. वड्या एकमेकींना चिकटल्या होत्या तिथेच असतील तर हवा खेळत नव्हती. दोन वड्यांत बोटभर अंतर हवं आणि दर आठवड्याला त्या पालटायला हव्यात.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात वाळवायची खोली हा प्रश्न खरोखरच मोठा आहे. माझ्या अनुभवात भिंतीला लागून ठेवलेला रॅक हातभर पुढे ओढला तरी फरक पडतो. पंखा वड्यांवर थेट नको, खोलीतली हवा हलती राहील असा लावा. बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवता येतात, पण त्या भरल्या की तापवून कोरड्या कराव्या लागतात, हे विसरलं की त्यांचा उपयोग संपतो. ज्यांचा धंदा वाढलाय त्यांनी ओल शोषणारं यंत्र घ्यावं. ते घेण्यापूर्वी साधा आर्द्रतामापक टांगा आणि आपली खोली किती दमट आहे ते आठवडाभर लिहा.

ओली वडी प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये गच्च गुंडाळणं हा पावसाळ्यातला नेहमीचा घोटाळा. आतली ओल आतच राहते. वाळायच्या काळात वडी उघडीच हवी.

ठिपके सगळ्या वड्यांवर, सगळ्या बाजूंनी, कसलीही मांडणी न पाळता विखुरलेले असतील, तर जागेपेक्षा मिश्रणात दोष आहे. मग पुढे चला.

३. काटा आणि हिशेब

दहा रुपयांच्या नाण्याचं वजन ७.७१ ग्रॅम असतं. दहा नाणी काट्यावर ठेवा. ७७ च्या आसपास आकडा आला पाहिजे. दोन-तीन ग्रॅमचा फरक असेल तर आधी बॅटरी बदला, तरीही फरक राहिला तर काटा बदला.

याचं महत्त्व लहान घाण्यात जास्त. पाव किलो तेलाला साधारण ३६ ग्रॅम कॉस्टिक लागतो. काटा एक ग्रॅम कमी देत असेल तर तेवढ्यानेच सुमारे ३ टक्के जास्तीचं तेल मोकळं राहतं. तुम्ही सुपरफॅट (मुद्दाम मोकळं ठेवलेलं तेल) ५ टक्के ठेवलं असं समजता, प्रत्यक्षात ते ८ असतं. अंगाच्या साबणाला ५ टक्के मला पुरेसे वाटतात. पावसाळ्यात, आणि तेलं मऊ असतील तर, मी ३ ते ४ वर येते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ट्रेस आल्यावर, म्हणजे मिश्रण दाट होऊ लागल्यावर, शेवटी बदामतेल घातलं की ते तसंच मोकळं राहतं आणि त्वचेला मिळतं, असं पुष्कळ वर्गांत शिकवतात. कोल्ड प्रोसेसमध्ये ट्रेसला बराच कॉस्टिक अजून शिल्लक असतो, आणि तो कुठलं तेल आधी घातलं हे बघत नाही. शेवटी घातलेलं बदामतेल बाकी तेलांसारखंच साबणात जातं. ते हिशेबात धरलं नसेल तर सुपरफॅट वाढतं, एवढंच.

सायट्रिक ॲसिड वापरत असाल तर हा हिशेब पुन्हा बघा. १० ग्रॅम निर्जल सायट्रिक ॲसिड ६.२ ग्रॅम कॉस्टिक खातं. किलोभर तेलाच्या घाण्यात तेवढा जास्तीचा कॉस्टिक धरला नाही, तर सुपरफॅट ५ वरून जवळजवळ दुप्पट होतं. म्हणजे ठिपके टाळायला घातलेली वस्तूच ठिपक्यांना वाट करून देते. लिंबाचा रस, ताक, दही घालणाऱ्यांनाही हेच लागू. त्यांच्यातलं आम्ल कमी असलं तरी ते कॉस्टिक खातंच.

४. पाककृतीतली तेलं

या तपासणीत पैसा लागत नाही, कागद-पेन लागतं. आणि माझ्या मते नेमका इथेच निम्म्या लोकांचा प्रश्न सुटतो.

तेलांमधलं लिनोलेइक आणि लिनोलेनिक मिळून प्रमाण ढोबळमानाने असं धरा: खोबरेल २ टक्के, कोकम तेल त्याच आसपास, एरंडेल ४-५, पाम १०, ऑलिव्ह १०, शेंगदाणा ३०, राइस ब्रॅन ३५, तीळ ४०-४५, सोयाबीन ६०, साधं सूर्यफूल ६० ते ६५, साधी करडई ७५ च्या जवळ. जवसात तर निम्म्याहून जास्त नुसतं लिनोलेनिकच. जात आणि हंगाम बदलला की आकडे थोडे मागेपुढे होतात, पण क्रम बदलत नाही.

आता तुमच्या पाककृतीत प्रत्येक तेलाचा जेवढा वाटा, त्याला हा आकडा लावा. उदाहरण घेऊ. खोबरेल ३०, सूर्यफूल ४०, पाम २०, एरंडेल १०. सूर्यफुलाचे २४, पामचे २, बाकीच्यांचा मिळून एक. एकूण २७ च्या घरात. हा साबण पावसाळ्यात टिकेल अशी आशा करू नका. त्यातलं सूर्यफूल १० वर आणलं आणि पाम ५० वर नेलं, तर बेरीज १२ च्या आसपास येते. १५ च्या आत राहा, हा मी पाळत आलेला नियम. उन्हाळ्यात करून लगेच विकायचा असेल तर थोडी सूट घेते, दिवाळीच्या मालाला अजिबात नाही.

सोलापूर-मराठवाड्याकडच्या मैत्रिणी करडई सोडायला तयार नसतात, आणि ते मी समजू शकते; घरचं तेल आहे. ५ टक्क्यांवर ठेवा, फेसात फार फरक पडणार नाही. राइस ब्रॅनचंही तेच. स्वयंपाकघरात सहज मिळतं, स्वस्त पडतं, म्हणून ४०-५० टक्के घालतात आणि दोन महिन्यांनी ठिपके मोजत बसतात. सूर्यफूल किंवा करडईच्या बाटलीवर 'हाय ओलेइक' छापलं असेल तर ते वेगळं तेल आहे, त्यात लिनोलेइक खूप कमी असतं. 'ब्लेंडेड' लिहिलेलं खाद्यतेल म्हणजे दोन तेलांचं मिश्रण, प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं. ते वाचून मगच हिशेब करा.

पाम वापरायचं नसेल त्यांच्यासाठी कोकणातलं कोकम तेल हा फार चांगला पर्याय आहे. त्यात स्टिअरिक आणि ओलेइक भरपूर, वडी कडक होते आणि खवटपणा सहसा येत नाही. महाग आहे, म्हणून १० ते १५ टक्के पुरे. जास्त घातलं तर वडी कापताना तडकते.

एक उलटं उदाहरणही सांगते. शंभर टक्के खोबरेलाचा साबण २० टक्के सुपरफॅट ठेवून केला तरी त्यावर ठिपके क्वचितच येतात. कारण मोकळं राहिलेलं तेलच मुळात टिकाऊ आहे. म्हणजे सुपरफॅट एकटं गुन्हेगार नाही. कोणतं तेल मोकळं राहतंय हे बघायचं.

५. कॉस्टिकचा डबा

पावसाळ्यात सगळ्यात दुर्लक्षित राहणारी गोष्ट ही. कॉस्टिक सोडा हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेतो. डबा नुसता उघडाबंद करत राहिलात तरी त्याचा काही भाग सोडियम कार्बोनेट होतो, काही नुसतं पाणी. काट्यावर वजन तेवढंच दिसतं, पण साबण करायची ताकद कमी झालेली असते.

५ टक्के सुपरफॅट धरून केलेल्या हिशेबात कॉस्टिक ९० टक्केच शुद्ध असेल, तर प्रत्यक्षात साडेचौदा टक्के तेल मोकळं राहतं. तेल ताजं, पाककृती बरी, जागा कोरडी, आणि तरीही ठिपके, अशा वेळी मी आधी डबा मागते.

फ्लेक्स किंवा मणी सुटे, कोरडे, खळखळ वाजणारे हवेत. ढेकळं झाली असतील, कडेला ओलसर चिकटा असेल, झाकणावर पांढरी पूड जमली असेल, तर तो कॉस्टिक साबणाला घेऊ नका. तुंबलेलं गटार मोकळं करायला वापरा. नवा घेताना शुद्धता लिहिलेला, सीलबंद आणि छोटा पॅक घ्या. मोठं पोतं स्वस्त पडतं हे खरं, पण जून ते सप्टेंबरात ते परवडत नाही. आणल्या दिवशीच एकेका घाण्यापुरता जाड, घट्ट झाकणाच्या एचडीपीई प्लॅस्टिकच्या डब्यांत वाटून ठेवा, म्हणजे उरलेला पुन्हा पुन्हा उघडावा लागत नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलपात ठेवा.

६. पाणी

नळाचं, बोअरचं, विहिरीचं पाणी साबणाला वापरत असाल तर आज बंद करा. आमच्याकडच्या जांभ्या मातीत लोह भरपूर, आणि बोअरच्या पाण्याने बादलीला तांबूस थर येत असेल तर वेगळा पुरावा नको. पिण्याला चालणारं पाणी साबणाला चालेलच असं नाही.

डिस्टिल्ड पाण्याचा सीलबंद कॅन औषधांच्या किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतो. घरचं आरओचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा बरं, डिस्टिल्डची बरोबरी नाही. एसीतून गळणारं पाणी डिस्टिल्डच असतं असा सल्ला सर्रास दिला जातो. ते पाणी तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांवरून धुळीसकट येतं. ज्या धातूपासून दूर राहायचं तोच पाण्यात यायची सोय कशाला?

७. भांडी आणि भर

तांब्या-पितळेचं काहीही नको, ढवळायचा चमचासुद्धा नाही. ॲल्युमिनियम तर कॉस्टिकशी जोरात क्रिया करून हायड्रोजन वायू सोडतं. तिथे ठिपक्यांपेक्षा जिवाची काळजी आधी. चांगलं स्टील, पॉलिप्रॉपिलीनची भांडी, सिलिकॉनचा उलथणा. हँड ब्लेंडरचं पातं कडेला गंजलंय का, ते उलटं करून बघा. चाकूचंही तेच.

मुलतानी माती, गेरू, काही वनस्पतींच्या पूड यांत लोह असतं. ते दर वेळी त्रास देतंच असं नाही. पण ठिपके येत असताना दोष शोधायचा असेल, तर पुढचा एक घाणा यातलं काहीही न घालता, रंग-सुगंधाशिवाय करा. तो स्वच्छ राहिला तर एकेक वस्तू परत आणा.

८. संरक्षक पदार्थ

इथपर्यंतचं सगळं नीट करूनही ठिपके येत असतील तरच यावर खर्च करा. दोन प्रकार आहेत आणि दोघांची कामं वेगळी.

धातूला बांधून ठेवणारे: टेट्रासोडियम ईडीटीए, तेलाच्या वजनाच्या ०.५ टक्के, कॉस्टिक घालण्याआधी पाण्यात विरघळवून. किंवा सोडियम सायट्रेट १ ते २ टक्के. सायट्रेट तयार घेतलं तर कॉस्टिकचा हिशेब बदलावा लागत नाही, म्हणून नवख्यांना मी सायट्रिक ॲसिडऐवजी तेच सांगते.

तेलाचं ऑक्सिडीकरण रोखणारे: रोझमेरी ओलिओरेझिन (रोझमेरीच्या पानांचा दाट अर्क), तेलाच्या ०.०५ ते ०.१ टक्के. हे तेल विकत आणल्या दिवशीच कॅनमध्ये मिसळायचं. तेल एकदा खवटायला लागलं की ते परत ताजं करणारं काहीही नाही. रोझमेरीचं सुगंधी तेल वेगळं, त्याने हे काम होत नाही. ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल फोडून घालतात, पण ठिपक्यांपुरतं बोलायचं तर मला त्यांच्यावर भरवसा नाही.

दोन्ही प्रकार एकत्र वापरले तर जास्त चांगलं काम करतात. तुमच्याकडे काय चालतं ते बघायला पाव किलो तेलाचे चार छोटे घाणे करा: एक साधा, एक ईडीटीएचा, एक रोझमेरीचा, एक दोन्हींचा. चारही एकाच दमट जागी ठेवा. उत्तर मिळायला दोन-तीन महिने लागतील, पण ते तुमच्या तेलाचं, तुमच्या खोलीचं उत्तर असेल.

९. कॉस्टिकची ताकद घरी मोजणं

०.१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि धीर असेल तरच हे करा. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही नाही.

२० ग्रॅम निर्जल सायट्रिक ॲसिड ८० ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. दुसरीकडे २०० मिली डिस्टिल्ड पाण्यात १० ग्रॅम कॉस्टिक विरघळवून थंड होऊ द्या. मग सायट्रिकचं द्रावण थोडं थोडं घालत ढवळा. ५० ग्रॅम घालून झालं की स्पिरिटमध्ये भिजवून गाळलेल्या हळदीचे काही थेंब टाका. मिश्रण लालसर होईल. पुढे थेंबाथेंबाने घाला. लाल जाऊन पिवळा आला आणि अर्धा मिनिट टिकला की थांबा.

शुद्ध कॉस्टिकला यातलं ८० ग्रॅम द्रावण लागतं. ७६ लागलं तर ९५ टक्के, ७२ लागलं तर ९० टक्के. सायट्रिक ॲसिड मोनोहायड्रेट असेल तर ८० च्या जागी ८७.५ धरा. कार्बोनेटचा काही भाग यात मोजला जातो, म्हणून खरी ताकद तुम्हाला आलेल्या आकड्याहून थोडी कमीच असते. ९० च्या खाली आलं तर हिशेब जुळवत बसू नका, नवा पॅक आणा. त्याच्या वर असेल तर लागणाऱ्या कॉस्टिकला त्या टक्केवारीने भागा: १४० ग्रॅम हवा असेल आणि ताकद ९५ टक्के असेल तर १४७ ग्रॅम.

ठिपके आलेल्या वड्यांचं काय

विकू नका. भेटही देऊ नका. एखादा ठिपका खरवडून घरी कपड्याला वापरला तर बिघडत नाही, पण ज्याने अंगाला लावायला म्हणून पैसे मोजलेत त्याला खवट तेलाची वडी देणं मला पटत नाही. विकून झालेल्या मालात ठिपके निघाले तर गिऱ्हाइकांना स्वतःहून कळवा आणि वडी बदलून द्या.

त्या वड्या किसून, वितळवून पुन्हा साबण करायचा मोहही आवरा. खवट भाग सगळ्या मिश्रणात पसरतो आणि नवी वडी पूर्वीपेक्षा लवकर बिघडते. जास्तीचा सुगंध घालून झाकणं तर नकोच.

यापुढे प्रत्येक घाण्यातली एक वडी तारीख, तेलांचे पॅक आणि कॉस्टिकचा पॅक लिहून वेगळी ठेवा. लेबलवर वापरायची मुदत किती छापायची हेही तीच वडी ठरवते.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

ताजं तेल, नवा सीलबंद कॉस्टिक, डिस्टिल्ड पाणी, १५ च्या आतली बेरीज आणि ईडीटीए, एवढं करून सलग दोन घाण्यांवर ठिपके आले तर घरी प्रयोग थांबवा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तेलाची पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल किती ऑक्सिडाइझ झालंय त्याचं माप) आणि मोकळ्या मेदाम्लांची चाचणी करून घ्या. कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या, मानकात रिफाइंड तेलाला १० आणि लाकडी घाण्याच्या तेलाला १५ ही पेरॉक्साइड व्हॅल्यूची वरची मर्यादा आहे. खरेदीच्या दिवशीच तेल त्यापुढे असेल तर पुरवठादार बदलण्याशिवाय इलाज नाही. पाण्याची शंका असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत चौकशी करा आणि लोह मुद्दाम तपासून घ्या.

विक्री करत असाल तर आणखी एक. अंगाचा साबण हे सौंदर्यप्रसाधन आहे आणि सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० खाली त्याच्या उत्पादनाला परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. त्यासाठी तांत्रिक माणूस आणि चाचण्या लागतातच. तोच रसायनतज्ज्ञ तुमच्या ठिपक्यांचं मूळही शोधून देऊ शकतो, तेव्हा पहिल्याच भेटीला बिघडलेली वडी आणि घाण्याची नोंदवही सोबत न्या.

साबण लावून कुणाच्या अंगावर चट्टे, खाज किंवा आग झाली तर त्या घाण्याची विक्री त्याच क्षणी थांबवा आणि त्या व्यक्तीला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. खोबरेल-हळदीचे घरगुती उपाय सुचवत बसू नका.

काम करताना कॉस्टिक डोळ्यात उडाला तर डोळा उघडा धरून वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटं धुवा, लेन्स असतील आणि सहज निघत असतील तर काढा, आणि थेट रुग्णालयात जा. व्हिनेगर किंवा लिंबू डोळ्याजवळही नेऊ नका. त्वचेवर सांडला तर ओले कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा, आणि कातडी पांढरी पडली, सोलली किंवा आग थांबेना, तर डॉक्टरांना दाखवा.